खारीला मी पुसलं होतं

काकी, तुझं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सुनंदाताई रोह्याहून पेणच्या घरी आली. तुझी दोन लुगडी, चष्मा आणि देव्हाऱ्यातला बाळकृष्ण तिनं पिशवीत भरला. जाताना तुझ्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "रोज दिवा लाव गो. पोटची मी, पण तिच्याजवळ राहिलीस तू. तुझ्यासारखी माणसं आता कुठं मिळतात?" मी खाली बघत किल्ली घेतली. तिला वाटलं असेल, मला रडू येतंय.

खारीला ताराबाईनं भाजलं नाही, काकी. मी भाजलं. तू होतीस तोवर एवढं एक वाक्य मला बोलता आलं नाही. आता तू नाहीस तर बघ, पहिल्याच पानावर लिहून झालंय.

नऊ वर्षांपूर्वी मी तुझ्या दारात उभी होते ते तुला आठवत होतं की नाही, कधी विचारलं नाही. मला सगळं आठवतं. हिंगोलीकडची, सातवीत शाळा सुटलेली, हातात एक पिशवी. गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला लागून आठ दिवस झाले होते आणि खोली कुणी देत नव्हतं. तू ओट्यावर वाल सोलत बसली होतीस.

"येकलीच हायस?"

"हो."

"नवरा?"

"आहे, पण..."

"पन काय? मारतो?"

"हो."

"मंग हाय कशाला म्हनतेस?"

मी हसले आणि तिथंच रडलेसुद्धा. शेजारच्या अंगणात ताराबाई जवळा वाळत घालत होती. ती तिथूनच ओरडली, "बाय, येकल्या बाईला घरात घेतेस, उद्या दारात पोलीस येतील!" तू मान वर न करता म्हणालीस, "येव दे. तुझी सुकट खपंल तरी." त्या संध्याकाळी मागच्या पडवीतली खोली मला मिळाली. मी तुम्ही-तुम्ही करत होते, तर म्हणालीस, "तुमी कोनाला म्हनतेस? हितं मी येकटीच हाय." तेव्हापासून तू म्हणायला लागले. आमच्याकडं थोरल्या बाईला तू म्हटलं तर लोक जीभ हासडतील. मला महिनाभर जड गेलं.

तू आणि ताराबाई भांडायला लागलात की सुरुवातीला मला धडकी भरायची. आमच्या गावाकडं इतक्या जोरात दोन बायका बोलल्या की त्यानंतर निदान एक डोकं फुटतंच. मग कळलं की तुमचं रोजचं बोलणंच ते. धरमतरच्या खाडीवर मिठागरात तुम्ही दोघी पोरी असल्यापासून मिठाच्या पाट्या वाहिलेल्या, एकीची पाटी दुसरीनं उचलून डोक्यावर द्यायची. तुमच्या दोघींच्या टाचांना सारख्याच भेगा होत्या. तुझ्या पानात तिची जवळ्याची चटणी असायची आणि तिच्या घरी तुझे वाल जायचे. वाटी कधी रिकामी परत जात नसे.

आणि तो दिवस. माझा नवरा जवळच डोलवीला कंपनीत ठेक्यावर कामाला लागला आणि कुणीतरी त्याला माझा पत्ता दिला. भर दुपारी येऊन त्यानं माझा हात धरला. तू पायरीवर आडवी बसलीस. ओरडलीस-बिरडलीस नाही, नुसती बसलीस. म्हणालीस, "हिला न्यायची तर माझ्या अंगावरनं जायला लागंल. जा." त्यानं तुला शिवी दिली. तेवढ्यात ताराबाई आली, मासे कापायची विळी तशीच हातात, तिला खवले चिकटलेले. "कोन रं तू? कोनाला बोलतोस?" एवढंच विचारलं तिनं. तो गेला तो पुन्हा आला नाही. तुम्ही दोघी त्यानंतर अर्धा तास हसत होतात. ताराबाई म्हणाली, "मी इळी ठेवायला इसरले गो, तो उगाच घाबारला."

म्हणजे त्या घरात मला जी माया मिळाली ती तुझ्या एकटीची नव्हती, दोघींची होती. हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून सांगते, मी जे केलं ते न कळून केलेलं नाही. भाजणं न कळून झालं. गप्प बसणं कळून झालं.

खारी म्हणजे तुझं मांजर. मिठासारखी पांढरी म्हणून खारी. तिनं ताराबाईचा जवळा किती खाल्ला असेल त्याचा हिशेब तुम्हा दोघींनाही नव्हता. ताराबाई फडकं घेऊन मागं पळायची, खारी कुडावरून तुझ्या अंगणात. मग ताराबाईचं ठरलेलं वाक्य यायचं, "येक दिस उकाळतं पानी वतीन हिच्यावर, मंग बस रडत." आणि तुझं ठरलेलं, "वत. दुसरा हंडा मी तुझ्यावर वतीन." हे मी किमान शंभरदा ऐकलं असेल. त्यात काही नव्हतं.

माझ्याकडून तू एकच कबूल करून घेतलं होतंस. रंगाचं काम कारखान्यात करायचं, घरात आणायचं नाही. "वासानं माझं डोकं उठतं, आनि मांजर हिंडतं घरात." मी हो म्हटलं होतं. पण चार वर्षांपूर्वी गणपती दहा दिवसांवर आले आणि कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मालक म्हणाला, छोट्या मूर्ती बायकांनी घरी न्या, सोनेरी काठ आणि मुकुट करून आणा. सगळ्या नेत होत्या. तू बाजारात गेलेलीस. तुझी यायची वेळ व्हायच्या आत आवरू म्हणून मी दोन पाट्या मूर्ती खोलीत मांडल्या.

खारी आली. मूर्तींच्या रांगेतून एकही न पाडता चालत गेली आणि सोनेरीच्या डब्यावर जाऊन लवंडली. पाठीवर, कुशीवर, शेपटीवर सगळीकडं सोनं. ती मजेत उभी राहून माझ्याकडं बघत होती. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. आणि लगेच दाराकडं लक्ष गेलं. तू येशील, तुला दिसेल, मी शब्द मोडलाय हे कळेल. एवढंच डोक्यात होतं.

आमच्या कारखान्यात हाताला ऑइल पेंट लागला की थिनरचा बोळा घ्यायचा, पुसायचं आणि मग साबण लावायचा. हाताला, कोपराला, कधी गालाला लागला तर गालालासुद्धा. जरा चुरचुरतं, मग जातं. पहिल्याच दिवशी हे शिकवतात. रंग दिसला की हात आपोआप थिनरच्या बाटलीकडं जातो, तिथं विचार करायचा नसतो. मी खारीला गोणपाटात धरलं आणि पुसलं. पाठ पुसली, कूस पुसली, रंग निघेना म्हणून बोळा पुन्हा भिजवला आणि चोळून पुसलं. ती ओरडली. मांजरं धुताना ओरडतातच, असं मी स्वतःला सांगितलं. तिनं माझ्या मनगटावर ओरखडे काढले तरी सोडलं नाही. रंग निघाला. खारी पुन्हा पांढरी झाली. मी सुटकेचा निःश्वास टाकला, काकी. सुटले म्हणून.

तिला साबणानं धुवायचं मात्र राहिलं. हाताला साबण लावतो तो कशासाठी, हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मला वाटायचं, वास जावा म्हणून. ती माझ्या हातातून सुटली ती तुझ्या पलंगाखाली. तिथं बसून अंग चाटत राहिली, आणि जे तिच्या अंगावर होतं ते सगळं तिच्या पोटात गेलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडातून लाळ गळत होती. दुधाला तोंड लावेना. तिसऱ्या दिवशी तू तिला मांडीवर घेतलीस तर कुशीवरचे केस तुझ्या हातात आले. खाली कातडी लाल, सोललेली. तू मला हाक मारली नाहीस. खारीला पदरात धरून सरळ अंगणात गेलीस.

"तारे! भायेर ये! भायेर ये आधी!"

ताराबाई सूप हातात घेऊन आली. "काय गो सकाळी सकाळी?"

"वतलंस ना? झाला समाधान?"

"काय वतलं?"

"बघ हिची पाठ. बघ डोळे फाडून!"

ताराबाईनं बघितलं. तिचा चेहरा मी खिडकीतून बघत होते. ती खरंच घाबरली होती. म्हणाली, "अगो बाय... ह्ये कोनी केलं?"

"तूच म्हनत व्हतीस. उकाळतं पानी वतीन."

"म्हनत व्हते. म्हनायचं आनि वतायचं येकच काय? तू माझ्यावर हंडा वतनार व्हतीस, वतलास कंदी?"

"माझी खारी तुझ्या जवळ्यापायी..."

"जवळा गेला खड्ड्यात! मी नाय केलं!"

"मंग कोनी केलं? आकाशातनं पडलं?"

मी खिडकीत होते, काकी. दहा पावलांवर. तेवढ्यात बाहेर येऊन दोन शब्द बोलले असते तर तू मला चार शिव्या दिल्या असत्यास, कदाचित चार दिवस बोलली नसतीस. पण माझ्या डोक्यात खोलीशिवाय दुसरं काही येईना. शब्द मोडून रंग घरात आणला. मांजर भाजलं. आता ही मला पिशवी घ्यायला सांगणार. एकट्या बाईला कोण ठेवतं? या घराबाहेर पडले तर मी कुठं जायचं? तू माझ्यासाठी पायरीवर आडवी बसली होतीस, याची मला आठवण आली नाही. येते ती नेहमी नंतर.

ताराबाई शेवटी म्हणाली, "इतक्या वर्सांनी तू मला असी वळखलीस तर नको बोलूस." आणि आत गेली.

जनावरांच्या दवाखान्यात टोपली धरून मीच तुझ्याबरोबर आले. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी पडलंय की दुसरं काही? फिनेल, रॉकेल?" तू म्हणालीस, "पानी. शेजारनीनं वतलं." डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी खारीकडं बघत राहिले. औषध चुकत असेल हे मला कळत होतं, तरी बघतच राहिले.

रात्रभर तिची धाप ऐकून सकाळी मी कारखान्याचा खाडा केला आणि एकटीच दवाखान्यात गेले. डॉक्टरांना सांगितलं, थिनर होतं. ते खुर्चीतून उठले. "काल का बोलला नाहीत? मांजर मेलं असतं ना!" मग साबणानं हळू कसं धुवायचं, कुठलं मलम, तोंडातल्या जखमेला काय, गळ्यात पुठ्ठा कसा बांधायचा म्हणजे चाटणार नाही, सगळं लिहून दिलं. तो कागद मी तुला दाखवला नाही. तुला म्हटलं, डॉक्टरांनी औषध बदलून दिलंय. मी तिला धुतलं, मलम लावलं, चमच्यानं पेज पाजली. पंधरा दिवसांनी ती उठून अंगणात गेली. कुशीवर तळहाताएवढ्या जागी केस पुन्हा आले नाहीत ते नाहीतच.

आणि तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटलीस. "शोभीनं वाचवली माझी खारी. परक्या मुलखातली पोर, पन जीव लावला. आनि जलमाची शेजारीन बघा." दूधवाल्याला सांगितलंस, सुनंदाताईला फोनवर सांगितलंस, कारखान्याच्या मालकाला वाटेत गाठून सांगितलंस. प्रत्येक वेळी मी शेजारी उभी असायचे. माझं कौतुक होत होतं आणि त्याच वाक्यात ताराबाईची बदनामी.

मग तुमच्यातली वाटी थांबली. दोन घरांमधला कूड तोच, पण तुझ्या बाजूनं तू त्याला जुनी पत्र्याची दारं टेकवलीस. ताराबाईनं जवळा वाळत घालायची जागा बदलली, घरामागं नेली. बाजाराला तू एकटी जायला लागलीस आणि ती एकटी. तुला ओझं उचलून डोक्यावर द्यायला कुणी नाही म्हणून तू थोडं थोडं आणायला लागलीस. मी एकदा दुसरीकडून जवळा आणून चटणी केली. तू एक घास खाल्लास. म्हणालीस, "बरी हाय." आणि ताटाच्या कडेला सारलीस.

चार वर्षांत मी सांगायला कितीदा आले असेन! एकदा तू खुशीत होतीस, सुनंदाताईच्या मुलीला नोकरी लागली तेव्हा. एकदा तू माझ्यावर चिडली होतीस, म्हटलं आत्ताच सांगावं, एका रागात दोन्ही जाईल. तो राग त्या दहावीचा. "सतरा नंबरचा फारम भर, दहावी कर, किती दिस दुसऱ्याच्या देवाला रंग लावशील?" आपलं ते भांडण तसंच राहिलं. मी म्हणायचे, आता या वयात कसली दहावी. तू म्हणायचीस, "या वयात काय झाला? मला सही येत नाय, मला इचार." तुला माझं इतकं पडलं होतं, म्हणून तर जीभ उचलेना. तुझ्या नजरेतली ती शोभी मला जपायची होती. खोलीची भीती केव्हाच गेली होती, काकी. नंतर उरली ती ही.

मग तुझ्या पायांना सूज आली, दम लागायला लागला आणि सुनंदाताई तुला रोह्याला घेऊन गेली. मी रविवारी एसटीनं भेटायला आले. वडखळ गेलं, गडब गेलं, नागोठणं आलं, मी मनात वाक्य जुळवत होते. खारीला थिनर लागलं. छे. खारीला मी थिनर लावलं. असंच म्हणायचं ठरवलं.

तू खिडकीशी पलंगावर होतीस. सुनंदाताई चहा करायला आत गेली. तू माझा हात धरलास. मग म्हणालीस, "तारी कशी हाय?"

चार वर्षांत पहिल्यांदा तिचं नाव तुझ्या तोंडी आलं होतं.

मी म्हटलं, "बरी आहे."

"आता रागबीग काय नाय गो. मांजर जगलं. पन तिनं कबूल करायला पायजे व्हतं. नुसतं, व्हय बाय, चुकले, येवढं म्हनली असती तर मी दुसऱ्या दिसी वाटी घेऊन गेली असती. नाय म्हनत बसली. माझ्याशी खोटं बोलली, त्याचं लागलं."

माझं वाक्य तयार होतं. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "काकी, पाणी देऊ?"

तू म्हणालीस, दे.

बारा दिवसांनी तू गेलीस. मी रोह्याला आले, सगळं होईपर्यंत थांबले, बायकांमध्ये बसले. कुणीतरी विचारलं, त्या पेणच्या ताराबाई नाही आल्या? सुनंदाताई म्हणाली, "कुठल्या तोंडानं येतील?" मी तिथंही गप्प. तुझा देह समोर असताना गप्प.

काल सुनंदाताईची रिक्षा वळल्यावर मी किल्ली कमरेला लावली आणि ताराबाईच्या घरामागं गेले. ती वाळलेला जवळा चाळत होती. मी उभ्यानंच सांगितलं. रंग, थिनर, खिडकी, दवाखाना, रोहा, सगळं. तिचं सूप थांबलं नाही. सांगून झालं तरी ती चाळतच होती.

मग म्हणाली, "मला कशाला सांगतेस? मी वतलं नाय ह्ये मला पयल्या दिसापासनं ठाव हाय. जिला ठाव नव्हतं तिला सांगायचं व्हतंस."

"ती गेली, ताराबाई."

"गेली तर गेली. तिला सांग."

मी खाली बसले. पाय धरायला गेले तर तिनं पाय मागं घेतले. "आता ह्ये नाटक नको." तेही बरोबरच होतं. मी उठून निघाले.

"थांब," ती म्हणाली. "तू रोह्याला गेली व्हतीस ना? माझं नाव काडलं तिनं?"

"काढलं. तारी कशी हाय म्हणून विचारलं."

सूप तेव्हा थांबलं.

"मंग तू काय सांगितलंस?"

"बरी आहे म्हटलं."

"बरी!" तिनं पदर तोंडाला लावला. ती हसली की रडली मला कळलं नाही, खांदे हलत होते. मग पदर खाली घेऊन म्हणाली, "चार वरसं बरी नव्हते गो मी. त्ये पन सांग तिला."

म्हणून हे लिहायला बसले. सुनंदाताईला अजून काही माहीत नाही. हा कागद मी आधी तिलाच धाडणार आहे, किल्लीसकट. मग ती जे म्हणेल ते. तू रागावशील ते मी इथं बसून ऐकून घेते. पण ताराबाई तुझ्याशी खोटं बोलली नव्हती, काकी, एकदाही नाही. आणि तू विचारलंस तेव्हा ती बरी नव्हती.